नॉर्दर्न लीग: सात पौंडांत शनिवारची दुपार

नागपूरहून इंग्लंडला मुलाबाळांकडे राहायला जाणाऱ्या आईबापांसाठी हे लिहिते आहे. आमच्या अंबाझरीच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्येच अशी पाच-सहा जोडपी आहेत. परत आलं की सगळ्यांचे फोटो सारखेच. लंडनचा पूल, स्टोनहेंजचे दगड, आणि मुलाला फुटबॉलचं वेड असेल तर मँचेस्टरच्या मोठ्या स्टेडियमची टूर. रिकाम्या खुर्च्या बघायला पैसे मोजायचे हे माझ्या काही डोक्यात शिरत नाही. मी कामठीच्या शाळेत पीटी शिकवण्यात उभी नोकरी काढली, मुलींच्या फुटबॉल टीम घेऊन विदर्भभर फिरले. मला खेळ बघायचा असतो.

म्हणून मत आधीच सांगून टाकते. तुमचं लेकरू इंग्लंडच्या ईशान्य भागात, म्हणजे डरहॅम, न्यूकॅसल, सन्डरलंड, डार्लिंग्टन, मिडल्सब्रो या पट्ट्यात असेल, तर प्रीमियर लीगच्या तिकिटामागे धावू नका. नॉर्दर्न लीगचा सामना बघा. पाचपैकी चार तारे. एक का कापला, ते पुढे येईलच.

तिकडे गेल्यावर पहिला धक्का हा की शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडात टीव्हीवर दिसतच नाहीत. इथे धरमपेठेत आपण हिवाळ्यात साडेआठला जेवणाचं ताट घेऊन तोच सामना निवांत बघतो, आणि डरहॅममध्ये, जिथून मैदान गाडीने अर्ध्या तासावर, तिथे टीव्ही कोरा! आमच्या ह्यांनी तर रिमोट बिघडला म्हणून सेल बदलले. पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तिकडे फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, आणि ती १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. बर्नली क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता. मोठे सामने घरबसल्या दिसले तर छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण जाईल, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार पटलं. टीव्ही बंद म्हणूनच मुलगा म्हणाला, "आई, चल, इथल्या खऱ्या मॅचला नेतो तुला."

आता ही लीग आहे काय, ते सांगते. १८८९ मध्ये सुरू झाली. आज चालू असलेल्या जगातल्या फुटबॉल लीगांमध्ये हिच्याहून जुनी एकच, १८८८ ची इंग्लंडची फुटबॉल लीग. दोन डिव्हिजन आहेत आणि इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत त्या नवव्या आणि दहाव्या पायरीवर बसतात. प्रीमियर लीग पहिली पायरी धरली तर अंदाज येईल. क्लब बहुतेक खाणींच्या गावांतले, बंदरांच्या गावांतले; काही थेट पलीकडच्या कंब्रियातले. खेळाडूंपैकी कोणी शाळेत शिकवतो, कोणी प्लंबिंग करतो, कोणी गोदामात कामाला आहे.

ही लीग 'अ‍ॅमॅच्युअर' आहे का, असं कोणी विचारलं तर उत्तर थोडं वाकडं आहे. पूर्वी होती, आणि त्या जगातली दादा होती. पण कागदावर हौशी म्हणवणाऱ्या खेळाडूच्या बुटात सामन्यानंतर हळूच नोटा सापडायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी १९७४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. आता खेळाडूला क्लबच्या ऐपतीप्रमाणे थोडेफार पैसे मिळतात किंवा नुसता पेट्रोलखर्च. त्यावर घर चालत नाही. सोमवारी सगळे कामावर.

जायचं कसं? गाडी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बस. आम्ही होतो तेव्हा कितीही लांब जा, एका फेरीचं भाडं दोन पौंडच होतं. नंतर ते वाढलं. बस वेळेवर येतात, पण परतीच्या बसचं वेळापत्रक आधी बघा, संध्याकाळी सहानंतर गावाकडच्या बस विरळ होतात. ज्यांचे यजमान फुटबॉलला कंटाळतात त्यांच्यासाठी एक युक्ती सांगते: शिल्डन. हे छोटं गाव रेल्वेचं. २७ सप्टेंबर १८२५ ला स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची पहिली गाडी निघाली ती या शिल्डनहून. तिथे लोकोमोशन नावाचं रेल्वे संग्रहालय आहे, आत जायला पैसे लागत नाहीत, आणि गावच्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच 'रेल्वेमेन'. क्लबने आपलं बहुतेक आयुष्य याच लीगमध्ये काढलं आहे. आमचे हे मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना सकाळी इंजिनांपाशी सोडलं की दुपारपर्यंत काळजी नाही. शिल्डनचा वॅगन कारखाना १९८४ मध्ये बंद पडला, हे तिथल्या पाटीवर वाचून मात्र ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपलं मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम काही कमी नाही बरं." बरं, नाही तर नाही.

गेटवर सात पौंड घेतले. म्हणजे आपले साडेसातशेच्या आसपास. साठी उलटलेल्यांना सवलत असते, पण वयाचा दाखला कोणी मागितला नाही. चेहरा बघूनच सवलत दिली, याचा राग मानायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही. फिरत्या लोखंडी दारातून आत गेलं की एका बाजूला पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली काही खुर्च्या, बाकी तिन्ही बाजूंना मैदानाच्या कडेने कमरेएवढा कठडा. सामना त्या कठड्याला टेकून बघायचा. खुर्चीत बसू नका. कठड्यापासून साइडलाइन दोन-तीन पावलांवर असते. थ्रो-इन घ्यायला आलेल्या पोराचा श्वास ऐकू येतो, गोलकीपर डिफेंडरला काय शिव्या देतो ते ऐकू येतं, आणि डरहॅमकडची बोली इतकी जड असते की त्यातल्या निम्म्या कळत नाहीत, हेही एक सुखच. हाफ टाइमला बघे मैदानाची अर्धी फेरी मारून समोरच्या गोलमागे जाऊन उभे राहतात, कारण आपली टीम आता त्या बाजूला गोल करणार. मीही गेले. कोणी अडवत नाही.

चहाची खोली हा या लीगचा कणा आहे. लाकडी खिडकी, आत दोन-तीन बायका, मोठा गरम पाण्याचा बंब, कागदी पेल्यात दुधाचा चहा एक पौंडाला. आलं नाही, वेलची नाही, साखर आपली आपण घालायची. पण वाऱ्यात उभं राहून तो हातात धरला की तक्रार सुचत नाही. बॉवरिल नावाचं एक काळं गरम पेय सगळे पीत असतात. आपल्यापैकी अनेकांना चालणार नाही म्हणून मुद्दाम सांगते, तो गोमांसाचा अर्क असतो. काळा चहा समजून मागू नका. शाकाहारी असाल तर चिप्स आणि चीज-कांद्याची पेस्टी हमखास मिळते. आणि एके ठिकाणी मला पीज पुडिंग मिळालं, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं, जाड गोल पावात भरलेलं. तिकडे त्यात हॅम घालतात. मी नको म्हटलं तर खिडकीतल्या बाईंनी डोळे मोठे केले, पण दुप्पट पुडिंग भरून दिलं. चव म्हणाल तर फोडणी विसरलेलं घट्ट पिठलं. घरून हिरव्या मिरचीचा ठेचा डबीत नेला असता तर बहार आली असती. पुढच्या वेळी नेणार आहे.

आता खेळ. टीव्हीवरच्या खेळाची सवय झालेल्याला पहिली दहा मिनिटं वाटतं, बाप्पा, हे काय! चेंडू हवेत फार. मैदान ओलं, मधोमध गवत उडालेलं, कॉर्नरपाशी चिखल. पण मग डोळे सरावतात. सेंटर हाफ हेडर मारतो तेव्हा कवटीचा आवाज येतो. टॅकल इतक्या जोरात की मी शाळेतल्या सवयीने पाऊल पुढे टाकलं होतं, पोरगं उठतंय की नाही बघायला. उठलं, हात पुढे करून समोरच्याला उठवलं, आणि दोघं परत धावायला लागले. लोळणं-तळमळणं फार कमी. सोमवारी कामावर जायचं असतं हे एक कारण असेल. दुसरं म्हणजे कठड्यापलीकडून म्हातारे अशी टिंगल करतात की लोळायची लाज वाटावी. तंत्र आपल्या नागपूरच्या चांगल्या टीमांच्या पुढे आहे का? चेंडू पायाशी ठेवण्यात कामठीची पोरं काही कमी नाहीत, रब्बानी आणि यंग मुस्लिम या क्लबांचे सामने ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको. फरक दिसतो तो दमात आणि जागेवर उभं राहण्यात. सत्तराव्या मिनिटालाही त्यांची ओळ मोडत नाही.

रेफरीवर मी जास्त लक्ष ठेवून होते, ती खोडच आहे. या पातळीवर २०१९ पासून एक नियम आहे जो मला आपल्या शाळांत उद्याच्या उद्या हवा आहे. रेफरीशी हुज्जत घातली की खेळाडूला पिवळं कार्ड दाखवून दहा मिनिटं मैदानाबाहेर बसवायचं. टीम तेवढा वेळ दहा जणांची. ही शिक्षा फाउलसाठी नाही, फक्त तोंडासाठी. मी पाहिलेल्या एका सामन्यात एक दाढीवाला मिडफील्डर हात पसरून रेफरीच्या अंगावर गेला आणि पुढच्या क्षणी बाहेर, अंगावर जाडा कोट टाकून, मान खाली घालून. त्याचा मॅनेजर रेफरीवर नाही, त्याच्यावर ओरडत होता. परत आल्यावर तोच खेळाडू रेफरीला चेंडू उचलून देत होता. आयुष्यभर शिट्टी वाजवली, पण असा इलाज आम्हाला कधी मिळाला नाही. आमच्याकडे पालकच मैदानात यायचे!

बढती मिळाली तरी नको म्हणण्याची चालही या लीगमध्ये कित्येक वर्षं होती. वरच्या लीगमध्ये गेलं की दूरदूरच्या मैदानांवर बस न्यायची, आणि तो खर्च गावच्या क्लबला झेपत नाही. म्हणून इथल्या टीमा त्यांच्या पायरीच्या मानाने जड पडायच्या. पुरावा हवा तर एफए वाझ बघा. छोट्या क्लबांची ही देशव्यापी स्पर्धा, अंतिम सामना लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत आठ वेळा ती याच लीगच्या क्लबांनी नेली. त्यात व्हिटली बे तर ओळीने तीनदा. म्हणजे सात पौंडांत काही लुटुपुटूचं विकत घेत नाही तुम्ही.

आणि इतिहास म्हणाल तर तो गल्लीबोळात सांडलेला आहे. मी वेस्ट ऑकलंडला गेले ती एका कपासाठी. खाणमजुरांचं गाव. चहावाले सर थॉमस लिप्टन यांनी इटलीत ट्युरिनला एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठेवली, १९०९ मध्ये. विश्वचषक सुरू व्हायच्या एकवीस वर्षं आधी. इंग्लंडच्या असोसिएशनने टीम पाठवायला नकार दिला आणि कसं कोण जाणे, बोलावणं या गावाला गेलं. 'डब्ल्यू. ए.' म्हणजे लंडनचा मोठा क्लब वूलिच आर्सेनल समजून चुकून बोलावलं, अशी दंतकथा अजून रंगवून सांगतात. खाणमजूर गेले आणि जिंकून आले. १९११ ला पुन्हा गेले आणि अंतिम सामन्यात इटलीच्या नामांकित युव्हेंटस क्लबला ६-१ ने हरवलं. युव्हेंटस, हो, तेच! कप कायमचा यांचा झाला. पण प्रवासाने क्लब इतका कर्जात बुडाला की तो कप गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे चाळीस पौंडांना गहाण पडला आणि १९६० मध्ये शंभर पौंड देऊन सोडवला. पुढे १९९४ ला चोरीला गेला तो गेलाच. आता आहे ती प्रतिकृती. गावच्या हिरवळीवर खाणमजूर-खेळाडूचा पुतळा आहे. लिप्टनचा कप जिंकणाऱ्या या क्लबात मला चहा मिळाला तो यॉर्कशायर नावाचा. विचारलं तर चहाच्या खोलीतली बाई म्हणाली, लिप्टन आमच्याकडे कोणी पीत नाही.

तिथून जवळच क्रुक. तिथला जॅक ग्रीनवेल हा खाणमजुराचा मुलगा क्रुक टाउनकडून खेळायचा, पुढे बार्सिलोनाला गेला, १९१७ पासून सात वर्षं बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता, आणि १९३९ मध्ये त्याच्याच हाताखाली पेरू देशाने दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं. आपल्या गल्लीतल्या पोरांना मेस्सीचा पाढा पाठ असतो, पण हा माणूस कोणाला माहीत नाही. मलाही तिथल्या सामन्यात शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी सांगितलं. तेच आजोबा १९५४ वर आले आणि मग थांबेनात. त्या वर्षी हौशी चषकाच्या, म्हणजे अ‍ॅमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्यात क्रुक टाउन आणि बिशप ऑकलंड समोरासमोर आले. दोन्ही गावांमध्ये अंतर जेमतेम पाच मैल. वेम्ब्लीला एक लाख लोक. २-२. मग न्यूकॅसलला पुन्हा, परत २-२. तिसऱ्यांदा मिडल्सब्रोला, तेव्हा कुठे क्रुक १-० ने जिंकलं. तिन्ही मिळून जवळजवळ दोन लाख माणसं, दोन गावांच्या भांडणासाठी! बिशप ऑकलंडने पुढची तीन वर्षं सलग तोच कप नेला. एकूण दहा वेळा, तो विक्रम कोणी मोडला नाही आणि आता मोडणारही नाही, कारण स्पर्धाच १९७४ मध्ये संपली. मँचेस्टर युनायटेडची जर्सी घालून लक्ष्मीनगरात फिरणाऱ्या पोरांनी हेही ऐकून ठेवावं: १९५८ च्या म्युनिकच्या विमान अपघातात युनायटेडची टीम गेली, तेव्हा राखीव टीम उभी करायला मदतीला आले ते बिशप ऑकलंडचे तीन हौशी खेळाडू. त्यातला वॉरन ब्रॅडली पुढे युनायटेडकडून आणि इंग्लंडकडूनही खेळला.

आता कापलेल्या ताऱ्याचं.

एका क्लबाकडे, नाव लिहीत नाही, आम्ही दोन बस बदलून पोहोचलो तर गेटला कुलूप. मैदानावर पाणी साचलं म्हणून सकाळीच सामना रद्द झालेला आणि ती बातमी फक्त एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर टाकलेली. माझ्या वयाच्या माणसाने एक्स कशाला बघावं? वेबसाइटवर सामना तसाच झळकत होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे कधीही होऊ शकतं, मैदानं मातीची आहेत, निचरा जेमतेम. निघण्याआधी क्लबच्या फोनवर विचारून घ्या. दुसऱ्या एका ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली बारमध्ये. बारमध्ये जाऊन पंधरा पुरुषांसमोर ती मागायची. मागितली, मोठ्या आवाजात मागितली, पण प्रत्येकीला ते जमेलच असं नाही.

थंडीचंही ऐका. टो लॉ नावाचं गाव आहे, टेकडीवर. समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण आपल्या नागपूरएवढीच, तीनशे मीटर. एवढ्यावर साम्य संपलं. वारा असा की चेंडू गोलकीपरने मारला आणि परत त्याच्याकडेच आला. इथूनच क्रिस वॅडल १९८० मध्ये न्यूकॅसलला गेला आणि पुढे इंग्लंडकडून विश्वचषक खेळला. त्याआधी तो सॉसेजच्या मसाल्याच्या कारखान्यात कामाला होता. या वाऱ्यात जो चेंडू वळवायला शिकला त्याला पुढे कुठेही सोपंच गेलं असणार. नागपुरातून नेलेले स्वेटर तिथे कुचकामी. दोन थर आत, टोपी, हातमोजे, आणि बुटात लोकरीचे मोजे. शहाणे असाल तर टो लॉला एप्रिलमध्ये जा.

पण तारा कापला तो यासाठी नाही. मैदानावर आलेल्या दोनशे माणसांत बहुतेक साठीच्या पुढचे पुरुष. तरुण मुलं थोडी. बायका दिसतात त्या चहाच्या खिडकीत, गेटवर पैसे घेताना, राफलची, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीची तिकिटं विकताना. काही क्लबांत सेक्रेटरी बाई असते, ते दिसलं आणि बरं वाटलं. पण या मुलखाला ते शोभत नाही, कारण पहिल्या महायुद्धात इथल्या दारूगोळ्याच्या आणि गोदीच्या कामावरच्या मुलींनी फुटबॉलचं मैदान भरवून दाखवलं होतं. ब्लाइथ स्पार्टन्सच्या मुलींच्या टीमने १९१८ चा मुनिशनेट कप, म्हणजे दारूगोळा कामगार मुलींचा कप जिंकला. बेला रे नावाच्या मुलीने एका हंगामात १३३ गोल केले. १३३! मग १९२१ मध्ये असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर मुलींना खेळायला बंदी घातली आणि ती पन्नास वर्षं राहिली. मी एका क्लबाच्या भिंतीवरचे जुने फोटो नीट बघत गेले, एकही मुलगी नव्हती. कामठीत माझ्या मुलींना मैदान मिळावं म्हणून मी मुख्याध्यापकांशी किती भांडले ते आठवलं. क्लब आता मुलींच्या टीमा चालवतात, हे खरं. भिंतीवर मात्र अजून जागा दिली नाही.

तरीही चार तारे, आणि त्याचं कारण मैदानाबाहेर आहे. इथे जी सेवा तुम्हाला मिळते ती देणाऱ्यापैकी जवळजवळ कोणालाच त्याचे पैसे मिळत नाहीत. गेटवरचा माणूस, गवत कापणारा, लाइन मारणारा, कार्यक्रमपत्रिका लिहिणारा, सगळे गावातले स्वयंसेवक. ती पत्रिका छापतात तिथे जरूर घ्या. एक-दोन पौंडांत पाहुण्या क्लबचा इतिहास, गावातल्या कोणाच्या तरी निधनाची बातमी, मागच्या सामन्याचं तिखट वर्णन असं सगळं असतं. आणि खाणींच्या गावांत हे मैदान तरी कसं आलं? १९२० च्या कायद्याने तिथे खाणकामगार कल्याण निधी निघाला, काढलेल्या दर टन कोळशामागे खाणमालकाने एक पेनी भरायची. त्यातून गावोगाव मैदानं, सभागृहं उभी राहिली. डरहॅमच्या खाणी १९९३ मध्ये संपल्या. ईझिंग्टनची खाणही त्याच वर्षी बंद झाली, पण ईझिंग्टन कोलियरीचा क्लब आहे आणि त्याच्या मैदानाचं नाव अजून वेल्फेअर पार्कच आहे.

इथे मला आपलं आठवणारच. आमच्या मुली सिल्लेवाड्याच्या कोळसा कॉलनीच्या मैदानावर खेळायला जायच्या, छान मैदान. आपल्या शहरातल्या टीमा बऱ्याचशा खात्यांच्या: रेल्वेची, पोलिसांची. त्यांनी पोरांना नोकऱ्या दिल्या, हे उपकार मोठे आहेत. पण खात्याची टीम खात्याची असते. भरती थांबली की टीम आटते. सामना बघायला तिकीट नाही, आणि शेजारच्या चौकात विचाराल तर आज सामना आहे हे पानठेल्यावाल्यालाही माहीत नसतं. मी परत आल्यावर ग्रुपमध्ये हे बोलले तर एक काका म्हणाले, "काहून मॅडम, फुकट आहे तरी कोणी येत नाही, तिकीट लावलं तर कोण येईन?" मला वाटतं, वीस रुपये लावा, चहाची खिडकी उघडा, बायकांसाठी स्वच्छतागृह ठेवा, कुलूप न लावता. मोहननगर आणि कामठीच्या आयाच पहिल्या येतील, पोरं खेळताना बघायला. वर्गणी लावून एका स्थानिक स्पर्धेत चहाची खिडकी सुरू करायचं आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी बोलतो आहोत. तर्री पोहेही ठेवणार.

तिकडे जाणाऱ्यांसाठी शेवटचं कामाचं. हंगाम ऑगस्टपासून वसंतापर्यंत. सप्टेंबर किंवा एप्रिल उत्तम. शनिवारी सामना तीनला, आठवड्यातल्या संध्याकाळचे साधारण साडेसातला फ्लडलाइटमध्ये. पहिल्यांदा जाताना शनिवारच धरा. तिकीट आधी काढायची गरज नाही, गेटवर बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. राफलसाठी मात्र सुटे पौंड ठेवा. आमच्या ह्यांना त्यात बिस्किटांचा डबा लागला आणि तेव्हापासून त्यांनाही फुटबॉल आवडायला लागला आहे.